प्रभागाची वीज, प्रभागाचा प्रश्न

प्रचाराला निघालेला कार्यकर्ता आपला भाग वर्षभरात जेवढा पाहत नाही, तेवढा निवडणुकीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत पाहतो. हातात मतदारयादी असते आणि यादीतलं प्रत्येक घर गाठायचं असतं. एरवी जिथे जायचं कारण पडत नाही अशा बोळांत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, वस्तीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पाय जातात. सकाळी फिरायला येणाऱ्यांना गाठायला बागेच्या फाटकाशी उभं राहायचं, दुपारी वस्तीत बायकांना भेटायचं, संध्याकाळी सोसायट्या घ्यायच्या, रात्री दहाला भोंगे बंद झाले की दुसऱ्या दिवशीच्या स्लिपा लावत बसायचं. एकाच भागाची सगळ्या प्रहरांना अशी पाहणी दुसरं कुणी करत नाही. महापालिकेचा विद्युत विभागही नाही.

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं. पुण्यात त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एवढ्या काळात साठलेलं सगळं लोक या वेळी दारात उभं राहून बोलत होते: पाण्याचा दाब, कचऱ्याची गाडी, खोदलेले रस्ते, वाहतुकीची कोंडी. मीही एका उमेदवारासाठी या फेऱ्यांत चाललो. कोणत्या उमेदवारासाठी, याला इथे महत्त्व नाही. चालताना एक गोष्ट सतत दिसत राहिली. ती कुणाच्या तक्रारीत नव्हती आणि कोणत्याही पक्षाच्या पत्रकावर नव्हती. ती म्हणजे वाया जाणारी वीज.

जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे दहाएक मिनिटांनी उगवतो. आठ वाजून गेल्यावर चांगलं ऊन अंगावर येत असताना रस्त्याच्या एका बाजूचे सगळे पथदिवे लागलेले दिसायचे. गच्चीवरच्या टाक्या भरून वाहत असायच्या आणि खाली रखवालदाराला मोटर चालू असल्याचा पत्ता नसायचा. जिन्यांतले दिवे भरदुपारी चालू असायचे. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून शेजारच्या गच्च्यांकडे पाहिलं की सौर बंबांच्या नळ्या फुटलेल्या, पाइप काढून ठेवलेले, पत्रे गंजलेले दिसायचे. बांधकामाच्या परवानगीसाठी ते बसवले गेले आणि पहिल्या दुरुस्तीला बंद पडले ते पडलेच. त्याच इमारतींत सकाळी घराघरांत विजेचे गिझर चालू असतात. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट लागतात. ऊन फुकट मिळत असताना हे तीन युनिट दररोज, प्रत्येक बंद पडलेल्या बंबामागे, आपण विकत घेतो.

माझं म्हणणं असं आहे की ही नासाडी घराघरातल्या शिस्तीचा विषय म्हणून सोडून देता येणार नाही. ती स्थानिक राजकारणाचा विषय आहे, आणि प्रचाराचा काळ ही ती उघडी पाडण्याची सगळ्यात चांगली वेळ आहे.

विजेचं नाव निघालं की आपलं राजकारण लगेच मुंबईला किंवा दिल्लीला जातं. किती युनिट मोफत, शेतीपंपांची थकबाकी कुणी भरायची, दर कुणी वाढवले, या भाषेतच वीज आपल्यापर्यंत पोचते. हे प्रश्न खरे आहेत, पण नगरसेवक ते सोडवू शकत नाही. म्हणून नगरसेवकाच्या निवडणुकीत विजेबद्दल कुणी काही विचारतच नाही. प्रत्यक्षात 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पाणी उपसणं, ते उंचावरच्या टाक्यांत चढवणं, शाळा, दवाखाने, उद्यानं, नाट्यगृहं, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, स्मशानातल्या विद्युतदाहिन्या या सगळ्यांवर महापालिकेची वीज खर्च होते. विजेची फार मोठी ग्राहक असलेली ही संस्था आपण मत देऊन निवडतो, आणि तिच्या विजेविषयी तिला एक शब्द विचारत नाही.

पथदिवे दिवसा का जळतात, याचं उत्तर कुणाला फारसं माहीत नसतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. काही खांबांचा मिळून एक गट असतो आणि रस्त्याच्या कडेच्या एका लोखंडी पेटीतून, म्हणजे फीडर पिलरमधून, त्याला वीज जाते. त्या पेटीत टायमर असतो. पुण्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासातला. उगवतो कधी सहाला, कधी सातनंतर. टायमर साधा असेल तर ऋतूप्रमाणे तो हातानं बदलावा लागतो, आणि वर्षातून तेवढ्या वेळा प्रत्येक पेटीपाशी कुणी जात नाही. त्यात जुन्या टायमरला स्वतःची बॅटरी नसेल तर वीज गेली की घड्याळ थांबतं. दोन तास वीज गेली तर ते दोन तास मागे पडतं. मग दिवे संध्याकाळी उशिरा लागतात आणि सकाळी उशिरापर्यंत जळत राहतात. एकाच बिघाडानं संध्याकाळी अंधार आणि सकाळी उधळपट्टी होते. अक्षांश-रेखांशावरून रोजचा सूर्योदय-सूर्यास्त स्वतःच काढणारे टायमर बाजारात केव्हाचे आले आहेत. कधी कधी दिवसा दिवे लावण्यामागे रास्त कारणही असतं. कोणता दिवा बंद आहे हे शोधायला वायरमन सगळी ओळ चालू करून पाहतो. पण तेच दिवे आठवडाभर तसेच जळत असतील तर ती दुरुस्ती नव्हे.

शंभर वॉटचा एक एलईडी दिवा दिवसाचे बारा तास विनाकारण जळला तर 1.2 युनिट जातात. वर्षभर तसंच चाललं तर एका खांबामागे 438 युनिट. वस्तीतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घराचा कित्येक महिन्यांचा वापर एवढाच असतो. आता अशा वीस खांबांचा रस्ता धरा.

तरीही हे थांबत नाही, कारण ज्याला दिसतं, जो भरतो आणि ज्याच्या हातात अधिकार आहे ते तिघे वेगवेगळे आहेत. दिवा चालू असल्याचं सकाळी दूध आणायला गेलेल्या माणसाला दिसतं, पण त्याचं बिल त्याच्या घरी येत नाही. बिल येतं महापालिकेच्या लेखा विभागात, तिथे खांब दिसत नाहीत, फक्त मीटर क्रमांक आणि रक्कम दिसते. दुरुस्ती ठेकेदाराकडे असते आणि त्याच्या कामाची मोजणी बहुतेक वेळा बंद दिव्यांवरून होते. न लागणाऱ्या दिव्याची तक्रार येते. न विझणाऱ्या दिव्याची तक्रार कोण करणार? 5 जानेवारी 2015 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमातून देशभर सोडियमचे पिवळे दिवे जाऊन एलईडी आले. विजेची खरोखरच मोठी बचत झाली. पण दिवा बदलला तरी तो केव्हा लागावा आणि केव्हा विझावा हे ठरवणारी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली.

या तिघांना जोडू शकणारा एकच माणूस शहराच्या रचनेत आहे. तो नगरसेवक. त्याला रस्ता माहीत असतो, लेखा विभागाचा कागद मागायचा त्याला हक्क असतो आणि अभियंत्याला तो प्रभाग समितीत उभं करू शकतो. पण त्याला ज्या गोष्टीसाठी मत मिळतं, ती नेमकी उलट दिशेची आहे.

चौकाचौकांतले हायमास्ट पाहा. सोळा मीटर उंच खांब, वर आठ-दहा झगमगते दिवे, खाली कुणाच्या प्रयत्नातून आणि कुणाच्या निधीतून उभारला त्याचा फलक. दोनशे वॉटचे आठ दिवे धरले तर रात्रीला सतरा-अठरा युनिट, वर्षाला सहा हजारांच्या वर. काही मोठ्या चौकांत, एसटी स्थानकापाशी, नदीच्या घाटावर हायमास्टची गरज असतेच. पण लहानशा तिठ्यावर, जिथे दोन साध्या खांबांनी काम भागलं असतं, तिथेही तो उभा असतो, कारण तो दिसतो. त्याचा झोत समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातो आणि तिथून पन्नास पावलांवरच्या गल्लीत मात्र अंधार असतो. लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना तर तो अंधार जास्तच दाट वाटतो. उभारणीचा खर्च नगरसेवकाच्या निधीतून एकदा होतो. बिल मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं सगळ्या शहरानं भरायचं असतं, आणि त्या फलकावर या बिलाचा आकडा नसतो. शोभेचे खांब, रोषणाईच्या कमानी, उड्डाणपुलांवरच्या रंगीत पट्ट्या हे सगळं याच घराण्यातलं. नवी वस्तू उभारली की श्रेय मिळतं. असलेली वस्तू नीट चालवली तर कुणी फलक लावत नाही. हा दोष एका पक्षाचा नाही. आपण मतदारांनी श्रेय कशाला द्यायचं ठरवलं आहे, त्याचा हा परिणाम आहे.

हे बदलता येतं, आणि आपल्याच राज्यात ते करून दाखवलं गेलं आहे. अकोला महापालिकेनं 2007 च्या सुमारास 11,500 हून अधिक जुने पथदिवे बदलून कमी विजेचे दिवे बसवले. तेव्हा एलईडी आजच्यासारखे आलेले नव्हते. टी-5 प्रकारच्या ट्यूब वापरल्या. महापालिकेकडे गुंतवायला पैसे नव्हते. म्हणून खासगी कंपनीनं स्वतःचे पैसे घातले आणि वाचलेल्या विजेच्या पैशांतून ते वसूल केले. पथदिव्यांच्या विजेत 56 टक्के बचत झाली, वर्षाला सुमारे 21 लाख युनिट. पुढे जागतिक बँकेशी संलग्न संस्थेनं इतर शहरांसाठी उदाहरण म्हणून त्याची नोंद केली. मला या गोष्टीतला पैशांचा भाग फार मोलाचा वाटतो. बचतीवर ठेकेदाराचा मोबदला ठरतो तेव्हा बचत मोजावी लागते. आणि मोजायची म्हटली की कुठला मीटर कोणत्या दिव्यांचा, हे आधी शोधावं लागतं. शोधणं आणि मोजणं या दोन कामांतच अर्धी नासाडी सापडते.

यावर दोन आक्षेप मी प्रचारातल्या सहकाऱ्यांकडूनच ऐकले आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की हे सगळं फार किरकोळ आहे. कारखाने, मॉल, डेटा सेंटर यांच्या वापरापुढे गल्लीतल्या दिव्यांनी काय होणार? राज्याच्या हिशेबात गल्लीतला दिवा किरकोळच आहे. पण महापालिकेच्या हिशेबात नाही. तिथे वाचलेला रुपया त्याच तिजोरीत राहतो, जिच्यातून शाळेचं छप्पर आणि दवाखान्यातली औषधं येतात. शिवाय वीज ही शेजाऱ्याशी वाटून घ्यायची वस्तू आहे. एका डीपीवर दुकानं, सोसायट्या आणि मागची चाळ सगळी असतात. दार उघडं ठेवून एसी चालवणाऱ्या दुकानाचं बिल दुकानदार भरतो, हे खरं. पण मे महिन्यात संध्याकाळी भार वाढून डीपी जळतो, तेव्हा अंधारात बसते ती चाळ, कारण दुकानाकडे जनरेटर असतो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तारेतच उष्णता होऊन जाणारी वीज चौपट होते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. ऐन भाराच्या वेळची नासाडी म्हणूनच एका मीटरपुरती राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. बायका-मुलींना रात्री चालायला उजेड लागतो. बचतीच्या नावाखाली दिवे कमी केले तर कुणाचं नुकसान? हा प्रश्न एका ताईंनी मला विचारला तेव्हा त्यांच्या घरासमोरचा खांब बंद होता आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या मैदानात प्रखर दिवे रिकाम्या जागेवर जळत होते. अंधार आणि उधळपट्टी एकाच प्रभागात शेजारीशेजारी नांदतात. 2021 मध्ये थकबाकीपोटी महावितरणनं अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली आणि गावंच्या गावं अंधारात राहिली. सरपंच ओरडले, राजकारण झालं, मग तडजोड झाली. वर्षानुवर्षं बिलाकडे कुणी पाहिलं नाही की शेवटी कात्री उजेडावरच येते. ज्यांना उजेडाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनी म्हणूनच नासाडीबद्दल सगळ्यात आधी बोललं पाहिजे.

वस्तीत मात्र बचतीचं बोलताना जीभ जपावी लागते. तिथे एका खोलीत एक पंखा, एक दिवा, एक टीव्ही आणि क्वचित जुना फ्रिज असतो. या लोकांना ‘वीज वाचवा’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे नासाडी आहे ती पत्र्याच्या छपरात. 13 मे 2024 ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं. त्या प्रचारात भरदुपारी पत्र्याखाली जे उभे राहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पत्रा तापतो, खोली भट्टी होते आणि पंखा दिवसरात्र गरम हवाच फिरवत राहतो. साधा पंखा 75 वॉटचा. सोळा तास चालला तर दिवसाला 1.2 युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज लागते, पण तो महाग असतो आणि भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस तो घेत नाही. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायचं काम हाती घेतलं. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं. चुन्यासारखी स्वस्त वस्तू यात कामाला येते. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर सोसायट्यांच्या सीमाभिंती रंगवून दिल्या जातात. तो रंग वस्तीच्या छपरांवर गेला तर उन्हाळ्यात लोकांना झोप लागेल.

सोसायट्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे समितीचे लोक मागण्यांची यादी घेऊनच बसलेले असतात: सीसीटीव्ही, बाकडी, पेव्हर ब्लॉक, फाटकापाशी दिवा. लिफ्ट, मोटर आणि जिन्यांच्या दिव्यांचा सामायिक मीटर घरगुती दरातच मोडतो, पण घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढत जातो आणि मोठ्या सोसायटीचा सामायिक वापर सहज पाचशे युनिटांच्या वर, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात जातो. हे बिल देखभाल वर्गणीत विरघळून जातं, म्हणून ते कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. फेब्रुवारी 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक गोष्ट केली तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के, दोन केल्या तर दहा टक्के सवलत देते. सोसायटीच्या दारात आलेल्या उमेदवाराकडे बाकडं मागण्याऐवजी या सवलतीच्या आणि अनुदानाच्या कागदांत अडकलेलं काम मार्गी लावून मागितलं, तर ते पंचवीस वर्षं पैसे देत राहील. आणि ते मागण्यात लाच घेतल्याचा डागही नाही.

प्रचार करणाऱ्यांनीही आपल्या घरापासून सुरुवात करायला हवी. गल्लीतल्या संपर्क कार्यालयांचे हॅलोजन अनेकदा खांबावरून घेतलेल्या तारेवर चालतात. साध्या भाषेत हा आकडाच. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 135 खाली तो गुन्हा आहे. तात्पुरती जोडणी अर्ज केला की मिळते. शहराची तिजोरी सांभाळायला निघालेल्या माणसानं पहिल्याच दिवशी तिच्यातली वीज फुकट घेऊ नये, एवढी अपेक्षा प्रत्येक पक्षाकडून ठेवायचा आपल्याला हक्क आहे.

पाहणीला वेगळी यंत्रणाही नको. प्रचारात यादीच्या समासात कार्यकर्ते खुणा करतच असतात: आपला, विरोधी, कुंपणावरचा, गावी गेलेला, मयत, दुबार. त्याच कागदावर दिवसा जळणाऱ्या खांबाचा क्रमांक, वाहती टाकी, बंद सौर बंब, अंधारी गल्ली लिहिता येते. पुण्यात 41 प्रभाग आहेत आणि एकेका प्रभागात सरासरी 80 ते 90 हजार लोक राहतात. एवढ्या मोठ्या भागाची अशी पाहणी पैसे देऊन करून घ्यायची ठरवली तर केवढा खर्च येईल! निवडणुकीत ती आपोआप होते आणि निकालाच्या दिवशी गुलालात विसरली जाते. चार सदस्यांच्या प्रभागात एक अडचण आणखी आहे: चारही नगरसेवक निवडून आलेले, म्हणून जळता दिवा चौघांपैकी नेमका कुणाचा, हे कुणीच सांगत नाही. त्यासाठीच नोंद कागदावर हवी आणि ती चौघांच्याही हातात द्यायला हवी.

गावांना हे तुलनेनं सोपं जातं, कारण तिथे खांब, बिल आणि ग्रामसभा एकमेकांपासून लांब नसतात. तामिळनाडूतल्या ओदनथुराई पंचायतीनं 2006 मध्ये स्वतःची 350 किलोवॅटची पवनचक्की घेतली. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. शहरात ग्रामसभा नाही, पण प्रभाग समिती आहे, आणि पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात कामं घ्यायची पद्धतही आहे. त्या अर्जात आजवर पदपथ आणि बाकडी मागितली गेली. टायमर मागायलाही कुणी अडवलेलं नाही.

नवे नगरसेवक आता सभागृहात बसले आहेत. तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात जा आणि एकच कागद मागा: आपल्या प्रभागातल्या पथदिव्यांच्या सगळ्या मीटरची यादी आणि गेल्या बारा महिन्यांची बिलं. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवस. कागद हाती आला की सकाळी नऊ वाजता तो घेऊन आपल्याच रस्त्यानं चालत जा, जे दिवे जळताना दिसतील त्यांचे खांब क्रमांक त्यावर लिहा, आणि तो तुमच्या चारही नगरसेवकांना सही घेऊन द्या.